वळणावरची भिंत
सायकल शर्यतीच्या धावपट्टीला इतका उतार कशासाठी?



छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेला छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. समजा, तुम्ही पडेगावात राहता आणि सुटीच्या दिवशी सायकल घेऊन निघाला आहात. मिटमिटा मागे पडते, दौलताबादचा किल्ला दिसू लागतो आणि पायात बळ असेल तर तुम्ही घाट चढून खुलताबादपर्यंतही जाता. घाट चढताना घाम निघतो. पण विज्ञानाचा धडा शिकायचा असेल, तर तो घाट उतरताना!

उतारावर पायडल मारावे लागत नाही. वेग आपोआप वाढतो. समोर वळण येते. आता तुम्ही काय करता, ते नीट आठवून पाहा. तुम्ही हँडल थोडे वळवता, हे तर खरेच. पण त्याबरोबर तुम्ही सायकलसकट आतल्या बाजूला झुकता. वेग जास्त असेल तर जास्त झुकता, कमी असेल तर कमी. किती अंश झुकायचे हे तुम्हाला कोणी शिकवले? कोणीच नाही. शरीर ते पडून-झडून शिकलेले असते. आणि एखाद्या दिवशी वळणावर मुरूम किंवा बारीक खडी पसरलेली असली, तर चाक घसरते आणि गुडघे-कोपरे सोलून निघतात. गंमत अशी, की अशा वेळी चाक नेहमी वळणाच्या बाहेरच्या बाजूला घसरते, आतल्या बाजूला नाही. असे का?

हा प्रश्न मनात ठेवा आणि माझ्याबरोबर दिल्लीला चला.

दिल्लीतील लाकडी वाडगा

सन २०२२ मध्ये १८ ते २२ जून या काळात दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा झाली. या संकुलात सायकल शर्यतीसाठी खास बांधलेली बंदिस्त धावपट्टी आहे. अशा जागेला वेलोड्रोम म्हणतात. धावपट्टी लाकडाची आहे आणि तिची एक फेरी २५० मीटरची, म्हणजे शाळेच्या मैदानातल्या ४०० मीटरच्या फेरीपेक्षाही लहान.

ही धावपट्टी पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. सरळ भागात तिला बेताचाच उतार असतो, पण वळणावर तीच धावपट्टी बाहेरच्या बाजूने उचलत उचलत जवळजवळ भिंतीसारखी उभी होते. २५० मीटरच्या आधुनिक धावपट्ट्यांवर वळणातला उतार साधारणपणे ४२ ते ४५ अंशांचा असतो. आपल्या घराच्या कौलारू छपराचा उतारही बहुधा इतका नसतो! त्याहून नवल म्हणजे, या भिंतीवरून धावणाऱ्या सायकलींना ब्रेकच नसतात. तरीही खेळाडू रस्त्यावरच्या स्कूटरला मागे टाकतील अशा वेगाने या वळणांवरून जातात.

त्या स्पर्धेत मणिपूरच्या रोनाल्डो सिंग लैतोंजम याने 'स्प्रिंट' या प्रकारात रौप्यपदक मिळवले. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या वरिष्ठ गटात रौप्यपदक मिळवणारा तो पहिला भारतीय सायकलपटू. त्याची सायकल त्या भिंतीवरून खाली का घसरली नाही? आणि घाटात मुरुमावर तुमची सायकल का घसरली? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते आता आपण हळूहळू सोडवू.

वळण फुकट मिळत नाही

न्यूटनचा पहिला नियम तुम्ही शिकला आहात. बाहेरून बल लावले नाही, तर गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. 'सरळ रेषेत' हे शब्द अधोरेखित करा. वस्तूला वळायला लावायचे असेल, तर तिचा वेग तेवढाच राहिला तरी तिच्यावर बल लावावेच लागते.

दोरीला दगड बांधून गरगर फिरवा. दोरी ताणलेली असते आणि दगडाला सारखी मध्याकडे ओढत असते. म्हणूनच दगड वर्तुळात फिरतो. मध्याकडे ओढणाऱ्या या बलाला अभिकेंद्री बल म्हणतात. आता दोरी तुटली तर? पुष्कळ विद्यार्थी सांगतात, की दगड केंद्रापासून सरळ बाहेर फेकला जाईल. हे चूक आहे. दगड त्या क्षणी ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेने जातो. त्याला कोणी बाहेर ढकलत नाही. आत ओढणारे कोणी उरलेले नसते, एवढेच.

घाटातल्या सायकलचेही तसेच. ती वळणाच्या बाहेर 'फेकली' जात नाही. तिला आत वळवणारे बल कमी पडते आणि ती आपली सरळ जायला पाहते. रस्ता मात्र वळलेला असतो! पहिल्या कोड्याचे उत्तर हे असे आहे.

हे बल किती लागते? सूत्र सोपे आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले वळणाची त्रिज्या. यातला 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की बल चौपट लागते. आणि त्रिज्या निम्मी झाली, म्हणजे वळण अधिक तीव्र झाले, की बल दुप्पट लागते.

सायकलला दोरी तर बांधलेली नाही. मग तिला आत कोण ओढते? सपाट रस्त्यावर हे काम टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण करते. घर्षण नेहमी आपल्याला अडवते अशी आपली समजूत असते. पण घर्षण नसेल तर वळताच येणार नाही. चिखलात, तेल सांडलेल्या रस्त्यावर किंवा मुरुमावर हीच अडचण होते.

किती झुकायचे?

मग झुकायचे कशासाठी? घर्षणाचे बल टायरच्या तळाशी, जमिनीलगत लागते. तुम्ही ताठ बसून राहिलात, तर चाके आत ओढली जातील आणि वरचे शरीर सरळ जाऊ पाहील. परिणामी तुम्ही बाहेरच्या बाजूला कोसळाल. तोल राखायचा तर रस्त्याने टायरवर दिलेला एकूण रेटा, म्हणजे वर उचलणारा आणि आत ढकलणारा असे दोन्ही मिळून, तुमच्या गुरुत्वमध्यातून जायला हवा. तुम्ही झुकता तेव्हा नेमके हेच साधता.

दहावीत तुम्ही त्रिकोणमिती शिकता. तेथील 'टॅन' आता कामाला येईल. झुकण्याचा कोन उभ्या रेषेपासून मोजला तर,

कोनाचा टॅन = वेगाचा वर्ग ÷ (त्रिज्या × ९.८)

येथे वेग मीटर प्रति सेकंद आणि त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची. ९.८ हे गुरुत्व त्वरण. या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले का? मुलगा सडपातळ असो की मागे कॅरिअरवर दुधाच्या किटल्या बांधलेला दूधवाला असो, एकाच वेगाने एकाच वळणावर दोघांना सारखेच झुकावे लागते.

हिशेबासाठी २५ मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. २५० मीटरच्या धावपट्टीची वळणे साधारण अशाच मापाची असतात. तेव्हा त्रिज्या × ९.८ = २४५. आता कोन काढू:

ताशी २० किलोमीटर: सुमारे ७ अंश
ताशी ४० किलोमीटर: सुमारे २७ अंश
ताशी ६० किलोमीटर: सुमारे ४९ अंश

आणि अव्वल खेळाडूचे काय? पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरेसनने २०० मीटर अंतर ९.०८८ सेकंदांत कापले. भागाकार करा. सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७९ किलोमीटर! २२ चा वर्ग ४८४. त्याला २४५ ने भागले की १.९८ येतात आणि कोन येतो सुमारे ६३ अंश. उभ्या माणसापेक्षा आडव्या माणसाला जवळचा असा हा कोन आहे.

सपाट जागेवर हे का जमत नाही?

हाच खेळाडू याच वेगाने सपाट रस्त्याच्या वळणावर गेला असता तर? त्याला आपल्या वजनाच्या १.९८ पट घर्षण लागले असते. घर्षण जास्तीत जास्त वजनाच्या किती पट मिळू शकते, त्या संख्येला घर्षण गुणांक म्हणतात. कोरडा डांबरी रस्ता आणि रबरी टायर यांच्यासाठी तो ०.७ च्या आसपास धरता येईल. हवे होते १.९८ आणि मिळाले ०.७. खेळाडू थेट कठड्यावर!

सपाट डांबरी वळणावर कितपत वेग चालेल, हेही काढता येते. ०.७ ला २४५ ने गुणा. १७१.५ येतात. वर्गमूळ सुमारे १३.१ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४७ किलोमीटर. आता त्याच वळणावर मुरूम सांडलेला आहे असे समजा आणि गुणांक ०.३ धरा. उत्तर येते ताशी ३१ किलोमीटर. घाट उतरताना साध्या सायकलचाही वेग ३१ च्या पुढे सहज जातो. तुमच्या सोललेल्या गुडघ्याचे गणित हे असे आहे.

येथे आणखी एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा. ब्रेक लावणे आणि वळणे ही दोन्ही कामे शेवटी तेच एक घर्षण करते. त्याचा साठा मर्यादित. वळण घेण्यातच तो सगळा खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी काही उरत नाही. म्हणून शहाणा सायकलस्वार वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच ब्रेक लावतो आणि वळणात शिरल्यावर ब्रेक दाबत नाही.

धावपट्टीच झुकवली तर?

आता वेलोड्रोम बांधणाऱ्यांची युक्ती पाहा. घर्षण पुरत नाही ना? मग ते काम धावपट्टीलाच करू द्या. जमीन नेहमी आपल्या पृष्ठभागाशी काटकोनात रेटा देते. जमीन सपाट असेल तर रेटा सरळ वर जातो. जमीन आतल्या बाजूला कलती केली, तर रेटाही आतल्या बाजूला कलतो. त्याचा एक भाग खेळाडूचे वजन पेलतो आणि दुसरा भाग त्याला केंद्राकडे ढकलतो. दोरीचे काम आता लाकूड करते!

४२ अंशांच्या उतारावर कोणत्या वेगाला घर्षणाची मुळीच गरज लागणार नाही? ४२ अंशांचा टॅन ०.९. त्याला २४५ ने गुणून वर्गमूळ काढा. सुमारे १४.८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५३ किलोमीटर येतात. या वेगाने जाणारा खेळाडू धावपट्टीशी बरोबर काटकोनात असतो. आपण भिंतीवर आहोत असे त्याला जाणवतसुद्धा नाही.

ताशी ७९ किलोमीटरच्या खेळाडूला ६३ अंश झुकायचे आहे. धावपट्टी ४२ अंश झुकलेली आहेच. उरलेल्या २१ अंशांचा भार तेवढा घर्षणावर पडतो. २१ अंशांचा टॅन ०.३८. सपाट जागेवर १.९८ इतका गुणांक लागत होता, तो येथे ०.३८ वर आला. अशक्य होते ते शक्य झाले, आणि त्यासाठी टायर बदलला नाही की खेळाडू बदलला नाही. बदलला तो जमिनीचा कोन.

हीच युक्ती तुम्ही रोज पाहता. रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किंचित उंच बसवलेला असतो. मोठ्या रस्त्यांची वळणेही बाहेरून उचललेली असतात. आणि जत्रेत 'मौत का कुवा' पाहिला आहे ना? तेथे भिंत पुरी उभी असते आणि मोटारसायकलवाला तिच्यावरून गरगर फिरतो. तेथे भिंतीचा रेटा सगळाच्या सगळा केंद्राकडे असतो आणि वजन पेलण्याचे काम घर्षणाकडे येते. वेलोड्रोम म्हणजे सपाट रस्ता आणि मौत का कुवा यांच्या मधली पायरी.

हळू जाण्यातला धोका

रस्त्यावर वडीलधारी माणसे सांगतात, 'वळणावर हळू जा.' वेलोड्रोममध्ये नवशिक्याला बजावतात, 'वळणात वेग कमी करू नकोस.' दोन्ही सल्ले बरोबर आहेत. कसे ते पाहा. ४२ अंशांच्या उतारावर खेळाडू फार हळू गेला, तर धावपट्टीचा आत ढकलणारा रेटा गरजेपेक्षा जास्त होतो आणि सायकल खाली घसरू पाहते. आता घर्षणाला उलट दिशेने, म्हणजे वरच्या बाजूला काम करावे लागते. गुणांक ०.५ धरला, तर घर्षण सुमारे २७ अंशांपर्यंतचा फरक सांभाळू शकते. ४२ मधून २७ वजा करा. १५ अंश उरतात. १५ अंशांचा टॅन ०.२७. त्यावरून वेग काढला, तर ताशी सुमारे २९ किलोमीटर येतो. याहून हळू गेलात तर घसरगुंडी!

शिवाय वळणात खेळाडूच्या शरीरावरचा भारही वाढतो. ताशी ७९ किलोमीटर वेगाला धावपट्टीचा एकूण रेटा वजनाच्या २.२ पट होतो. सायकलसह ८० किलोग्रॅमचा खेळाडू टायरवर जणू १७७ किलोग्रॅमचा भार टाकतो. टायर कमालीचे ताठ फुगवलेले असतात आणि चाके मजबूत असतात ती यासाठी.

उंचीची बँक

ही भिंत आणखी एका कामी येते. धावपट्टी सुमारे ७ मीटर रुंद असते. ४२ अंशांच्या उतारावर तिची वरची कड खालच्या कडेपेक्षा ४.७ मीटर उंच भरते. स्प्रिंटच्या शर्यतीत दोन खेळाडू सुरुवातीला एकमेकांवर नजर ठेवून सावकाश फिरतात, कधी कधी तर सरळ भागात सायकल जागच्या जागी उभी करून तोल सांभाळत थांबतात. मग एखादा हळूच वरच्या कडेला चढतो. चढताना त्याने स्थितिज ऊर्जा साठवलेली असते. योग्य क्षणी तो खाली झेपावतो आणि ती ऊर्जा वेगात बदलते.

हिशेब करा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा खेळाडू ४ मीटर खाली आला. नव्या वेगाचा वर्ग = १०० + २ × ९.८ × ४ = १७८.४. वर्गमूळ १३.४, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. पायडलवर जास्त जोर न लावता ताशी १२ किलोमीटर मिळाले! दौलताबादचा घाट उतरताना तुम्हाला जे फुकट मिळते ते हेच. फक्त तुम्ही त्याचे मोल घाट चढताना चुकते केलेले असते.

ब्रेक नसलेली सायकल

तुमच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. म्हणून पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. वेग कमी करायचा तर पायांनीच पायडलला हळूहळू विरोध करावा लागतो. ब्रेक नसणे हे वेडे धाडस वाटते, पण त्यामागे विचार आहे. खेळाडू एकमेकांच्या मागे अवघ्या हातभर अंतरावर असतात. पुढच्याने एकदम ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील. कोणालाच एकदम थांबता येत नाही, यातच सर्वांची सुरक्षितता आहे.

गिअरही एकच असतो. समजा पुढच्या चक्राला ६० दाते आणि मागच्याला १५ दाते आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४ वेळा फिरेल. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर एका फेऱ्यात ८.४ मीटर अंतर जाईल. सेकंदाला २२ मीटर जायचे तर मिनिटाला सुमारे १५७ फेरे मारावे लागतील. तुमच्या साध्या सायकलवर पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील आणि परीघ २.२ मीटर असेल, तर एका फेऱ्यात ५.४ मीटर अंतर जाते. फरक लक्षात आला ना?

हवेची भिंत

वळण जिंकले तरी सरळ भागात आणखी एक भिंत उभी असते. ती दिसत नाही, कारण ती हवेची असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० वरून ४० वर जायचे तर हवेपायी आठपट शक्ती खर्च होते. म्हणून खेळाडू पाठ आडवी करतात, कोपरे अंगाशी घेतात आणि गुळगुळीत शिरस्त्राण घालतात.

पुढच्या सायकलमागे चिकटून गेले, तर पुढचा हवा फोडतो आणि मागच्याची शक्ती वाचते. सांघिक 'पर्सूट' शर्यतीत चार खेळाडू एका ओळीत धावतात. पुढचा दमला की तो वळणाच्या उतारावर थोडा वर चढतो, बाकीचे खालून पुढे जातात आणि तो खाली उतरून शेवटी जोडला जातो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या चौघांनी या पद्धतीने ४ किलोमीटर अंतर ३ मिनिटे ४०.७३० सेकंदांत तोडले. सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटर! याउलट इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील ग्रेंखेन येथे एकट्याने तासभर सायकल चालवली आणि ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. त्याच्यासाठी हवा फोडायला पुढे कोणी नव्हते.

'केरीन' हा प्रकार जपानमध्ये १९४८ साली सुरू झाला. त्यात सुरुवातीला एक मोटार लावलेली सायकल पुढे धावते आणि खेळाडू तिच्या मागे राहतात. तिचा वेग हळूहळू ताशी ५० किलोमीटरपर्यंत नेला जातो. मग ती बाजूला होते आणि खरी झुंज सुरू होते.

शिकागोपासून बालेवाडीपर्यंत

ट्रॅक सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९३ साली अमेरिकेतील शिकागो येथे झाली. स्त्रियांना मात्र या स्पर्धेत स्थान मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. भारताचे सायकलपटू १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले. त्यांत पारशी तरुणांचा भरणा होता. त्या वेळच्या शर्यती हर्न हिल येथील उघड्या धावपट्टीवर झाल्या. ती धावपट्टी सुमारे ४५० मीटरची. लांबी मोठी म्हणून वळणाची त्रिज्या मोठी, आणि त्रिज्या मोठी म्हणून उतार कमी. आपले सूत्र येथेही खरे ठरते.

सन १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी दिल्लीत वेलोड्रोम होता. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तेथे आजची बंदिस्त लाकडी धावपट्टी झाली. आपल्या महाराष्ट्रात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. तेथेही वेलोड्रोम आहे. सहलीला पुण्याला गेलात, तर तो अवश्य पाहा आणि वळणाचा उतार डोळ्यांनी मोजा.

बंदिस्त धावपट्टी मिळाल्याचे फळ पुढे दिसले. २०१८ साली अंदमान-निकोबारच्या एसो अल्बेनने स्वित्झर्लंडमध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत केरीनचे रौप्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी जर्मनीत एसो, रोनाल्डो आणि रोजित सिंग या तिघांनी कनिष्ठ गटाच्या सांघिक स्प्रिंटमध्ये जगात पहिला क्रमांक पटकावला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला सांघिक स्प्रिंट संघातील तिघींपैकी दोघी, मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे, महाराष्ट्राच्या होत्या. त्या शर्यती लंडनच्या ज्या धावपट्टीवर झाल्या, तिच्यासाठी सैबेरियातील पाइन वृक्षाच्या एकूण ५६ किलोमीटर लांबीच्या पट्ट्या वापरल्या आहेत. आणि तिचा वळणातला उतार? बरोबर, ४२ अंश!

करून पाहा

१. स्वयंपाकघरातली लोखंडी कढई आणि एक गोटी घ्या. गोटी कढईत ठेवून कढई हळूहळू गोल फिरवा. वेग वाढेल तशी गोटी वर वर चढेल. वेग कमी करा, ती खाली येईल. वेलोड्रोमचे सारे रहस्य या कढईत आहे.

२. शाळेच्या मैदानावर चुन्याने एक वळण आखा. १० मीटर दोरीची दोन्ही टोके वळणाच्या रेषेवर धरा. दोरीच्या मध्यापासून रेषेपर्यंतचे अंतर मोजा. दोरीच्या लांबीच्या वर्गाला त्या अंतराच्या ८ पटीने भागा. वळणाची त्रिज्या जवळजवळ बरोबर मिळेल. अंतर अर्धा मीटर आले, तर १०० ÷ ४ = २५ मीटर, म्हणजे वेलोड्रोमचेच वळण! या वळणावर सावकाश सायकल चालवा. मित्राला मागून पाहून झुकण्याचा कोन कोनमापक आणि ओळंब्याने अंदाजायला सांगा. वेग घड्याळाने काढा आणि सूत्राशी ताडून पाहा. हा प्रयोग वाहत्या रस्त्यावर कधीही करू नका.

३. आपल्या सायकलच्या दोन्ही चक्रांचे दाते मोजा आणि पायडलच्या एका फेऱ्यात किती अंतर जाते ते काढा. मग जमिनीवर प्रत्यक्ष मोजून खात्री करा.

विचार करा

१. चंद्रावर गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे. तेथे त्याच वळणावर त्याच वेगाने जाणाऱ्याला जास्त झुकावे लागेल की कमी?

२. एक खेळाडू पूर्ण फेरीभर दुसऱ्यापेक्षा १ मीटर बाहेरून गेला. उतार क्षणभर विसरून धावपट्टी सपाट धरा. त्याला किती जास्त अंतर कापावे लागेल? (उत्तर ६.२८ मीटर. धावपट्टी २५० मीटरची असो वा ४५० मीटरची, उत्तर तेच येते. का?)

३. मौत का कुवामध्ये वेग एका मर्यादेखाली गेला तर काय होईल, आणि का?

शिक्षकांना एक विनंती. वर्तुळाकार गतीचा धडा फळ्यावर शिकवून झाला, की मुलांना एकदा सायकली घेऊन मैदानावर न्या. 'बाहेर फेकणारे बल' ही चुकीची समजूत कढईतल्या गोटीने आणि चुन्याच्या वळणाने जितकी लवकर जाते, तितकी व्याख्या पाठ करून जात नाही.

आणि तुम्ही, मित्रहो, पुढच्या सुटीत दौलताबादचा घाट उतराल तेव्हा वळणाच्या आधी एक क्षण स्वतःला विचारा: 'येथे मला आत कोण वळवणार?' तेथे ४२ अंशांची लाकडी भिंत नाही. आहे ते फक्त दोन बोटे रुंद टायरचे घर्षण. ते पुरेल एवढाच वेग ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी लावा. मुरूम दिसला तर आणखी सावकाश जा. गणित बरोबर असेल तर गुडघेही शाबूत राहतील!